माटवीतलं पपनस आणि डिशमधलं लिव्हर

(दृश्य: कुडाळजवळचं कौलारू घर, गणपतीचे दिवस)

ही वर माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, आणि नारळ, कवंडळाच्या बाजूला टांगलंय ते पपनस. विसर्जन झालं की आमची आजी ते सोलते, जाड पांढरी साल काढून फोडी सगळ्यांना वाटते, आणि स्वतःची बीपीची गोळी घेतली की तिलाही दोन फोडी लागतातच.

आता जरा कॅनडात जाऊ. तिथे डेव्हिड बेली नावाचे संशोधक फेलोडिपिन या बीपीच्या औषधासोबत दारू घेतली तर काय होतं ते बघत होते, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला (ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्र्याचं पोर), आणि रक्तात औषध भलतंच वाढलेलं सापडलं. 1991 साली त्यांनी छापलं की हा रसाचा प्रताप. सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम बाजारातल्या जवळपास अर्ध्या औषधांना तोडतं, आणि या फळातली द्रव्यं त्यालाच बंद पाडतात. पपनसातही ती असतात.

हे एन्झाइम लिव्हरमध्ये भरपूर. उंदराचं लिव्हर औषध वेगळ्या तऱ्हेने तोडतं, म्हणून नवीन औषध माणसाच्याच लिव्हरच्या पेशींना देऊन बघतात.

(दृश्य: मायक्रोस्कोपखाली डिशमधल्या लिव्हरच्या पेशी)

बघा, फरशी बसवल्यासारख्या कोनाकोनाच्या पेशी, काहींत दोन-दोन केंद्रकं, आणि मधल्या चकचकीत रेघा म्हणजे पित्ताच्या नळ्या. ट्रान्सप्लांटला न चाललेल्या, दान केलेल्या लिव्हरमधून या सुट्या केल्यात. वरून औषध टाकायचं, पाव तासाने, अर्ध्या तासाने, तासाने थोडं थोडं काढून किती उरलं ते मोजायचं, मग हिशोब, एक ग्रॅम लिव्हरमध्ये साधारण 12 कोटी पेशी धरून अख्ख्या लिव्हरचा वेग काढायचा. हा अंदाज बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमीच येतो.

आणि या पेशी भयंकर विसरभोळ्या! लिव्हरबाहेर एक-दोन दिवसांत एन्झाइम बनवणं बरंच सोडून देतात, मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची मालवणी सुटते ना, अगदी तसंच. मग त्यांना कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या दोन थरांमध्ये सँडविचसारखं ठेवतात, नाहीतर शेजाराला दुसऱ्या पेशी आणून बसवतात, म्हणजे काम काही आठवडे टिकतं. कॅन्सरपासून बनलेल्या हेपजी2 पेशी वाढवायला सोप्या, पण त्यांच्यात ही एन्झाइम्स जेमतेम, म्हणजे मला विचाराल तर या कामाला त्यांचा फारसा उपयोग नाही.

बरं, ग्रेपफ्रूटचा मुख्य घाला पडतो तो आतड्यातल्या सीवायपी3ए4 वर, त्यामुळे नुसत्या या डिशवरून आजीच्या रक्तात किती औषध चढेल ते सांगता येत नाही.

(दृश्य: परत ओसरी)

मी आजीच्या गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या गोळीला पपनस चालेल, दुसरी सुरू केली तर परत विचारा.

आजी फोड सोलत म्हणाली, "मगे माका इतको वेळ भियवत होतंस कित्याक?"