गोळी अर्धी, गाल पूर्ण

श्रोतेहो, नमस्कार. बाळ पांढरंफटक दिसू लागलं की घरात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू होतात आणि पाठोपाठ टॉनिकची बाटली येते. (टॉनिकच्या जाहिरातींवर मला एकदा तासभर बोलायचंय, केंद्राने वेळ दिला तर.) पण आजचा आजार वेगळा आहे. डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया. बॉस्टनच्या डायमंड आणि ब्लॅकफॅन या बालरोगतज्ज्ञांनी १९३८ साली त्याचं वर्णन केलं. दहा लाखांत पाच-सात बाळांना होतो. यात हाडांच्या आतल्या मगजात लाल पेशीच पुरेशा तयार होत नाहीत. लोह कमी नसतं. पुन्हा सांगतो, लोह कमी नसतं. उलट वरचेवर रक्त चढवून ते अंगात साठतं.

१९५१ पासून यावर स्टिरॉइड देतात. बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत रक्तावर निभावायचं, मग गोळी. १०० पैकी सुमारे ८० मुलांना सुरुवातीला गुण येतो. पुढे डोस हळूहळू उतरवायचा.

हे उतरवणं म्हटलं की मला बार्शीकडच्या एक आजी आठवतात. नातू दर महिन्याला रक्त चढवून घ्यायचा. गोळी सुरू झाली, हिमोग्लोबिन चढलं, भूक अशी खवळली की पोरगं रात्री दोनला उठून भाकरी मागायचं. गाल टम्म! आजींनी गालावर काजळाचा तीट लावून त्याला माझ्यासमोर उभा केला. "बघा डॉक्टर, कसं बाळसं धरलंय!" ते बाळसं नव्हतं हो, स्टिरॉइडची सूज होती. मी गोळी अर्ध्यावर आणली. पुढच्या खेपेला पाहतो तर गाल तसेच, रक्तदाब वाढलेला. सूनबाई म्हणाल्या, "मी सकाळी अर्धीच देते." आजी शांतपणे म्हणाल्या, "उरलेली अर्धी मी संध्याकाळी देते. पैशाची वस्तू, वाया कशाला घालवायची?"

आता यांना काय समजावणार? मी विचारलं, दाराच्या चौकटीवर पोराची उंची मांडता का? मांडायच्या, कोळशाने. घरी जाऊन त्यांनी पाहिलं, तर दिवाळीची रेघ आणि गुढीपाडव्याची रेघ जवळजवळ एकावर एक. जास्तीच्या स्टिरॉइडने पोराची उंची खुंटली होती. तेव्हापासून उरलेली अर्धी गोळी आजींनी स्वतः कुलपात ठेवली. (आजीला औषधाचा हिशोब द्या, असं माझं ठाम मत आहे. बापांना डोस तोंडपाठ नसतो.)

तर डोस उतरवायचा तो डॉक्टरांनीच. गोळी एकदम बंद करायची नाही. एकदम बंद करायची नाही, कारण शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर झोपलेलं असतं. ताप आला, उलटीत गोळी पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस टोचायला नेलंत, दात काढायला नेलंत, तरी "स्टिरॉइड चालू आहे" हे आधी सांगा. नमस्कार.