अर्धा फूट म्हणजे तीन मिलिमीटर

[दृश्य: पैठणमधील एक वर्कशॉप. टेबलावर सांडव्याची प्रतिकृती.]

जायकवाडीचे दरवाजे अर्ध्या फुटाने उचलल्याची बातमी आली की मराठवाडा सुखावतो आणि गोदाकाठची गावे सावध होतात. 1976 साली लोकार्पण झालेल्या या धरणाला 27 वक्राकार दरवाजे आहेत. त्यांपैकी तीन दरवाजांची चालती प्रतिकृती येथे पन्नासास एक या प्रमाणात घडत आहे, आणि त्या प्रमाणात हा अर्धा फूट अवघा 3 मिलिमीटर भरतो.

मोटार किती ताकदीची हवी, हा प्रश्न लवकर सुटला. वक्राकार दरवाजावर येणारा पाण्याचा दाब त्याच्या भुजांमधून ट्रनियन पिनांवर, म्हणजे दरवाजा ज्यांवर फिरतो त्या खुंट्यांवर, जातो, त्यामुळे उचलताना मुख्यतः वजन आणि घर्षण यांच्याशीच झुंजावे लागते. अवघड आहे ते मोटार हळू फिरवणे आणि नेमकी थांबवणे. सुरुवातीला जीपच्या वायपरची मोटार लावली होती; बटण दाबताच दरवाजा झटक्यात वर जाई आणि अर्धा फूट केव्हा झाला हे डोळ्यांना कळतही नसे. आता मिनिटाला 30 फेरे घेणारी 12 व्होल्टची गिअर मोटार आणि तिच्यापुढे वेग तीसपट घटवणारा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक, आहे. दोर गुंडाळणारा 10 मिलिमीटर व्यासाचा ड्रम त्यामुळे मिनिटाला एकच फेरा घेतो आणि 3 मिलिमीटर उचलायला सहा सेकंद लागतात. वीज गेली तरी वर्म गिअर उलटा फिरत नाही; दरवाजा आहे तिथेच राहतो.

प्रत्येक दरवाजाला दोन्ही कडांना एकेक दोर आहे. दोन स्वतंत्र मोटारी लावल्या आणि एक किंचित मागे राहिली, तर दरवाजा तिरपा होऊन अडकतो. म्हणून मोटार एकच, मध्यभागी, आणि दोन्ही ड्रमना जोडणारा शाफ्टही एकच.

[दृश्य: दरवाजा अर्ध्यावर थांबलेला, दोर सैल.]

खरी परीक्षा उतरवताना झाली. लांबी, रुंदी आणि जाडी पन्नासपट घटली की वजन सव्वा लाखपट घटते. 25 टनांच्या दरवाजाचे जेमतेम 200 ग्रॅम उरतात. रबरी सीलचे घर्षण मात्र त्या मानाने कमी होत नाही. परिणामी मोटार दोर सोडत राहिली आणि दरवाजा लोंबकळत राहिला. अखेर नाथसागरातील, म्हणजे याच धरणाच्या जलाशयातील, मासेमार जाळ्याला बांधतात तशा शिशाच्या गोळ्या पत्र्याच्या मागील बाजूस बसवल्या, तेव्हा तो स्वतःच्या भाराने खाली आला. हा उपाय आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण तो याच पाण्याकाठचा आहे.

टाकीत पाणी भरल्यावर काळाचेही प्रमाण बदलते. गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या पाण्याच्या प्रतिकृतीत वेळ लांबीच्या वर्गमुळाने घटते. पन्नासचे वर्गमूळ सुमारे सात, म्हणून येथील सहा सेकंद धरणावरच्या साधारण 42 सेकंदांइतके असतात.

बटण दाबले जाते. मोटार तीन फेरे घेते, ठरलेल्या उंचीवर मोटार थांबवणारा लिमिट स्विच टिकटिकतो आणि दरवाजाखालून पाण्याची पातळ, अखंड चादर निघते. मधला दरवाजा अजून डावीकडे घासतो आहे. त्याचा शाफ्ट उद्या पुन्हा उतरवायचा आहे.