ई-मेलचा पत्ता शोधात सापडायलाच हवा

मंडळी, नुसत्या नावावरून माणूस शोधणं किती कठीण, हे खान्देशातल्या लोकांना सांगायला नको. पाटील, चौधरी, महाजन, कोळी. एकाच गावात त्याच नावाआडनावाचे तिघे-चौघे निघतात. रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकांची यादी संकेतस्थळावर आहे असं समजा. नेमका सभासद ओळखायचा तर ई-मेलचा पत्ता ही पक्की खूण. तो टाकल्यावर माणूस सापडत नसेल, तर ती शोधसोय अपुरीच.

अडतं कुठे? शोधयंत्र मजकूर साठवताना त्याचे शब्द सुटे करतं. ल्युसीन हे शोधाचं सॉफ्टवेअर आणि त्यावर उभं असलेलं इलॅस्टिकसर्च यांची नेहमीची पद्धत युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात मांडणाऱ्या मानकाच्या, नियमांनी चालते. त्या नियमांत ‘@’ला शब्द तुटतो, पण दोन अक्षरांमधल्या टिंबाला तुटत नाही. त्यामुळे ‘केळीबाग.रावेर@जीमेल.कॉम’चे दोन तुकडे होतात: ‘केळीबाग.रावेर’ आणि ‘जीमेल.कॉम’. आता कुणी पूर्ण पत्ता टाकला की दुसरा तुकडा जवळजवळ प्रत्येक सभासदाच्या नोंदीत भेटतो, आणि एक तुकडा जुळला तरी पुरे असं धोरण असल्याने सगळी यादी समोर येते. किती जुळतं या गुणानुक्रमे लावली तर हवी ती नोंद वर असते. पण कार्यालयात यादी नावाच्या क्रमाने लावायची सवय, मग ती तिसऱ्या पानावर जाते. उलट नुसतं ‘रावेर’ टाकलं तर काहीच मिळत नाही, कारण तो शब्द सुटा झालेलाच नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या बूलियन (चिन्हांनी अटी घालायच्या) शोधात ‘@’ हे शब्दांमधलं अंतर सांगणारं चिन्ह आहे, म्हणून पत्ता तसाच दिला की थेट चूक दाखवली जाते. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस मात्र मजकुरातला ई-मेल स्वतःहून ओळखतं.

माझं म्हणणं असं, की पत्त्याला स्वतःचा रकाना द्या आणि तो तिथे अखंड ठेवा. पत्र पाठवायला मूळ रूप. शोधायला कडेच्या मोकळ्या जागा काढून, सगळी अक्षरं लहान लिपीत केलेली प्रत. मानकाप्रमाणे ‘@’च्या आधीच्या भागात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरता येतो, पण व्यवहारात तो सहसा कुणी धरत नाही. या प्रतीवर साधी अनुक्रमणिका (इंडेक्स) असली की हजारो नोंदींतून पत्ता लगेच मिळतो. ज्याला अर्धाच पत्ता आठवतो त्याच्यासाठी टिंब, अधिकचं चिन्ह (+) आणि जोडरेघ (-) यांवर तोडलेली दुसरी प्रत ठेवा. लांब मजकुरात विखुरलेल्या पत्त्यांसाठी इलॅस्टिकसर्चमध्ये ई-मेल न तोडणारा वेगळा शब्दविभाजक आहेच.

देवनागरी पत्त्यांचाही विचार आत्ताच करा. 2012च्या मानकाने ई-मेलमध्ये अशी अक्षरं चालतात. पण नुक्त्याचं ‘ड़’ एका संकेतांकानेही (अक्षराच्या युनिकोडमधल्या क्रमांकाने) लिहिता येतं आणि ‘ड’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना सारखंच, यंत्राला वेगळं. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी युनिकोडचं एकच प्रमाणरूप वापरा.

आणि हा रकाना सार्वजनिक शोधाला कधीही जोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. सुरुवातीच्या अक्षरांवरून सूचना देणारी चौकट उघडी राहिली, तर कुणीही एकेक अक्षर टाकत सगळ्या शेतकऱ्यांचे पत्ते गोळा करील. फसव्या कर्जाची पत्रं मग त्यांच्याच दारी येतात. अर्धवट पत्त्याचा शोध फक्त लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्यांना द्या, आणि कुणी काय शोधलं याची नोंद ठेवा.