गव्हाची ओंबी झडायची थांबली कशी?

(हातात पिकलेली ओंबी)

नमस्कार मंडळी! ही पिकलेली गव्हाची ओंबी. हलवतो, आपटतो... दाणा पडतोय? नाही. मळणी केल्याशिवाय सुटायचाच नाही. रानातला गहू मात्र असा नव्हता.

रानगहू पिकला की ओंबी आपोआप तुटते, दाणे खाली. आपला तीळ आठवा: काढणी लांबली की बोंडं उकलून माल शेतातच सांडतो. अधूनमधून एखाद्या रोपात बिघाड होतो आणि त्याची ओंबी तुटत नाही. रानात असं रोप वायाच जायचं. बी पडलंच नाही तर उगवणार काय? पण माणूस विळा घेऊन आला आणि डाव पालटला. विळ्याच्या हिसक्यानं झडणारे दाणे मातीत, न झडणारे टोपलीत. त्याच टोपलीतलं बी पुढच्या हंगामात पेरलं की न झडणाऱ्यांचा वाटा जरासा वाढायचा.

जरासाच, बरं का! उत्खननात ओंब्यांचे जळून कोळसा झालेले तुकडे मिळतात. सूक्ष्मदर्शकाखाली रानटी तुकड्यावर तुटल्याची खूण गुळगुळीत दिसते, शेतातल्याची ओरबाडल्यासारखी. या खुणा मोजल्या तर हा बदल व्हायला हजारो वर्षं लागलेली दिसतात. तेव्हा "कुणा हुशारानं बी पेरलं आणि शिकार सुटली" हे विसरा.

मग उपासमारीनं पेरायला लावलं? 1960च्या दशकात जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं तुर्कस्तानात गारगोटीच्या पात्याच्या विळ्यानं रानगहू कापून पाहिला. तासाला साधारण किलोभर दाणे! म्हणजे रानातच पोटापुरतं मिळत होतं. इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराकाठी ओहालो या जागी तर 23,000 वर्षांपूर्वीच लोक रानटी जव दळत होते.

आता सीरियात, युफ्रेटिसकाठच्या अबू हुरेराला चला. धरणाचं पाणी चढायच्या आत, 1972-73 मध्ये घाईघाईनं खोदलेली ही जागा आज पाण्याखाली आहे. इथले लोक शेतीच्या आधीच एका जागी राहू लागले होते; गॅझेल हरणं मारायची, रानातलं बी गोळा करायचं. सुमारे 12,900 वर्षांपूर्वी हवा थंड, कोरडी झाली. रानधान्य आटलं म्हणून पेरणी सुरू झाली, असं काही अभ्यासक म्हणतात. मला हे अर्धंच पटतं, कारण शेतीनं खरा जोर धरला तो थंडी ओसरल्यावर.

आणि हा जोर कुणाच्या जिवावर? इथल्या शेतकरी काळातल्या बायकांचे सांगाडे बघा. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघे आणि कंबर बिघडलेली. पायाची बोटं मागे दुमडून, गुडघ्यांवर बसून, रोज तासन्‌तास दगडी पाट्यावर धान्य रगडायचं. दगडाची कच पिठात जायची, दातही झिजायचे.

शिकार लगेच सुटली नाहीच. गहू पेरूनही गॅझेल मारणं कितीतरी शतकं चालू होतं. ही हरणं कमी झाली तेव्हा कुठे शेळ्यामेंढ्यांची पाळी आली. पुढचा व्हिडिओ त्यांच्यावर.