थैलीचा भाव आणि परवान्याच्या अटी

मृगाचा दमदार पाऊस होऊन दोन दिवस झाले आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील या वावरात सकाळी सातच्या आधीच टोबणी सुरू झाली आहे. उभ्या-आडव्या तासांच्या प्रत्येक फुलीवर बाया सरकी ठेवतात, पायाने माती सारतात आणि पुढच्या फुलीकडे सरकतात. कमरेला बांधलेल्या ओट्यातील ही सरकी घरच्या पऱ्हाटीची नाही. संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी तसेच उगवत नाही, त्यामुळे ते दरवर्षी विकत आणावे लागते.

तालुक्याच्या गावातील कृषी केंद्रासमोर कास्तकारांची रांग लागली आहे. फळीवर दहा-बारा कंपन्यांच्या थैल्या ओळीने लावल्या आहेत. प्रत्येकीवर वेगळे नाव, वेगळा रंग आणि टपोऱ्या बोंडाचे वेगळे चित्र आहे. इतकी नावे पाहून येथे भरपूर स्पर्धा आहे असे वाटते. थैली उलटी करून पाहिली की त्यातील बहुतेकींवर बोलगार्ड-2 हा एकच शब्द दिसतो. नावे अनेक असली तरी सरकीत घातलेले बोंडअळीविरोधी जनुक एकाच ठिकाणाहून आलेले आहे, आणि आपल्याला जे सांगायचे आहे ते या एका शब्दाभोवतीच फिरते.

असे जनुक घातलेल्या कापसाला, म्हणजे बीटी कापसाला, भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेची मोन्सॅन्टो आणि आपल्या जालन्याची महिको यांनी मिळून स्थापन केलेली कंपनी हे तंत्रज्ञान देशातील इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने देत असे आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक थैलीमागे तंत्रज्ञान मूल्य घेत असे. सुरुवातीच्या काळात 450 ग्रॅमच्या थैलीमागे हे मूल्य 1250 रुपये होते. कोरडवाहू कास्तकाराच्या दृष्टीने ही रक्कम किती मोठी होती, हे समोरच्या वावराकडे पाहून कळावे. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा आयोगाकडे दाद मागितली, आयोगाने हे मूल्य कमी करण्यास सांगितले, आणि त्या वर्षी थैलीचा भाव 750 रुपयांपर्यंत खाली आला. 1969 च्या कायद्यावर चालणारा तो आयोग पुढे बंद झाला. त्याची जागा 2002 च्या स्पर्धा कायद्याने घेतली आणि त्यातील मुख्य कलमे 20 मे 2009 पासून लागू झाली.

नव्या कायद्याचे सूत्र समजून घेणे आवश्यक आहे. बाजारात एखादी कंपनी सर्वांत बलवान असणे हा या कायद्याने दोष नाही. त्या बळाचा गैरवापर करून अन्यायकारक किंमत किंवा अटी लादणे हा दोष आहे. तो सिद्ध झाल्यास भारतीय स्पर्धा आयोग मागील तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने पाठवलेला संदर्भ आणि नुझिविडू सीड्स या परवानाधारक कंपनीची तक्रार यांवरून आयोगाने फेब्रुवारी 2016 मध्ये प्रथमदर्शनी गैरवापर दिसतो असे नोंदवून आपल्या चौकशी शाखेच्या महासंचालकांकडे चौकशी सोपवली. आयोगाचे बोट केवळ मूल्यावर नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या तंत्रज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या कंपनीवर असलेली बंधने आणि परवाना संपल्यावर बियाणे नष्ट करण्याची अट यांमुळे दुसऱ्या तंत्रज्ञानाला बाजारात पाय ठेवणे कठीण होते का, हा खरा प्रश्न होता, आणि आमच्या मते तो विदर्भाच्या प्रत्येक वावराशी जोडलेला होता.

त्याच सुमारास केंद्र सरकारने दुसऱ्या वाटेने भाव बांधला. डिसेंबर 2015 च्या कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेशानुसार 2016 च्या हंगामात बोलगार्ड-2 ची थैली 800 रुपयांना ठरली आणि तंत्रज्ञान मूल्य सुमारे 163 रुपयांवरून 49 रुपयांवर आले. 2020 मध्ये ते शून्य झाले. त्याच 2016 मध्ये तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाच्या परवानगीचा अर्ज महिकोने मागे घेतला. 2018 मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सॅन्टो विकत घेतली, तेव्हा महिकोमधील 26 टक्के भागभांडवल विकावे आणि तंत्रज्ञान सर्वांना न्याय्य अटींवर द्यावे, असे आयोगाने बजावले.

मूळ प्रकरण मात्र दिल्लीतच अडकले. पेटंटच्या परवान्याची चौकशी स्पर्धा आयोगाला करता येते की नाही, यावर वर्षे गेली. 2021 मध्ये मोन्सॅन्टो आणि नुझिविडू यांनी आपसांत समझोता केला. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अशा बाबतीत पेटंट कायदाच चालेल असे सांगून आयोगाची कार्यवाही रद्द केली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. परवान्याच्या त्या अटी अन्यायकारक होत्या की नव्हत्या, याचे उत्तर कोणत्याही निकालात आलेले नाही. या संपूर्ण काळात सुनावणीला कंपन्या होत्या, सरकार होते, वकील होते. थैलीचे पैसे मोजणारा कास्तकार पक्षकार नव्हता.

मधल्या वर्षांत गुलाबी बोंडअळी या तंत्रज्ञानाला दाद देईनाशी झाली, 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली आणि गावोगाव चोर बीटी, म्हणजे परवानगी नसलेले तणनाशक सहन करणारे बियाणे, विनापावती विकली जाऊ लागली.

दुपार होत आली आहे. वावराच्या धुऱ्यावर बसलेली घरची म्हातारी रिकाम्या थैल्या झटकून एकात एक घालते आहे. पीक हाती येईपर्यंत थैली, टॅग आणि पावती जपून ठेवावी, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पावतीवर दुकानाचे नाव, वाण, लॉट क्रमांक आणि भाव आहे. तिने ती घडी घालून थैलीत ठेवली आणि थैली लुगड्याच्या ओच्यात खोचली.