कर्ता कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत राहायला आलेल्या परदेशी माणसांसाठी तिथलं सरकार 2005 पासून एक अभ्यासक्रम चालवतं, इंटिग्रेशन कोर्स. नेहमीच्या वर्गात 600 तास भाषा आणि मग 100 तास देशाची ओळख, म्हणजे राज्यघटना, इतिहास, समाज. शेवटी 33 प्रश्नांची परीक्षा. चार पर्यायांतलं एक उत्तर निवडायचं. 15 बरोबर आली की पास, नागरिकत्व हवं असेल तर 17. प्रश्नसंच सगळ्यांना खुला असतो: 300 प्रश्न सगळ्यांना सारखे आणि प्रत्येक राज्याचे आपापले 10.

अशा वर्गांना मी जर्मन शिकवते. एका बाईंनी हे सगळे 310 प्रश्न खरोखर पाठ केले होते. मतस्वातंत्र्याच्या प्रश्नावर त्यांची पेन्सिल क्षणभरही अडली नाही. त्याच आठवड्यात मी वर्गाला विचारलं, मुलांना शाळेत मोबाइल नेऊ द्यावा का? बाई गप्प. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमचं मत काय आहे ते आधी सांगा ना. मग मी वाक्य करते."

शब्द त्यांच्याकडे होते. पण ज्या राजवटीत त्या वाढल्या, तिथे वरच्यापेक्षा वेगळं बोलण्याची फार मोठी किंमत मोजावी लागते. घोकलेल्या 310 उत्तरांनी ती भीती जाणार कशी? त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. लोकशाहीचा धडा शेवटच्या 100 तासांसाठी राखून ठेवू नये. तो पहिल्या 600 तासांत, व्याकरण शिकतानाच मिळाला पाहिजे.

आणि जर्मन व्याकरणात त्याला भरपूर जागा आहे. ‘मला वाटतं की’ याला जर्मनमध्ये म्हणतात ‘इश फिंडे, दास’. हा ‘दास’ आला की क्रियापद थेट वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं, अगदी आपल्या मराठीसारखं. समोरचा होकार देतोय की नकार, हे पुष्कळदा शेवटच्या शब्दांवर ठरतं. म्हणजे त्याला मध्येच तोडून चालतच नाही. दुसरा शब्द ‘ओबवोल’, म्हणजे ‘जरी’. तो शिकवताना मी एक अट घालते. आधी समोरच्याचं म्हणणं अशा शब्दांत मांडा की तो स्वतः म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. मगच आपला विरोध. बोलायला सोपं वाटतं, पण जमायला आठवडे लागतात. भाषेच्या वर्गात यापेक्षा मोलाचं काही मी शिकवत असेन, असं मला वाटत नाही.

शिक्षकाने आपलं मत लादू नये, याचा जर्मनीत पूर्वीच विचार झाला आहे. 1976 साली बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षण देणारी, निरनिराळ्या विचारांची मंडळी जमली. तिथल्या चर्चेतून तीन तत्त्वं पुढे आली. विद्यार्थ्याला मतांच्या ओझ्याखाली दडपू नका. समाजात आणि अभ्यासकांत ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादाचा विषय म्हणूनच आणा. आणि आपलं हित कशात आहे हे विद्यार्थ्याला स्वतःला पारखता आलं पाहिजे. पण याचा अर्थ कुठलंही मत चालतं असा नाही. ज्यूंचा संहार झालाच नाही असं जाहीरपणे म्हणणं जर्मनीत गुन्हा आहे. 1949 च्या राज्यघटनेचं पहिलंच वाक्य सांगतं की माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे. वाद घालायचा तो या जमिनीवर उभं राहून.

परक्या संस्कृतीची ओळख म्हणजे काय, यावरही बोललं पाहिजे. ‘जर्मन माणूस वक्तशीर असतो’ हे वाक्य शिकवलं की आपण ओळख करून दिली, असं अनेकांना वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं, कारण त्याने माणूस दिसेनासा होतो आणि साचा तेवढा उरतो. शिवाय कुठला जर्मन? जर्मनीत जानेवारीला ‘यानुआर’ म्हणतात, ऑस्ट्रियात ‘येनर’. बर्लिनमध्ये पावाला ‘श्रिपे’ म्हणतात, म्युनिकमध्ये ‘झेमेल’. भाषा एक, पण तिच्यात घरं अनेक. हे कळलं की दूरदेशातून आलेल्या विद्यार्थ्यालाही या भाषेत आपलं एक घर बांधायचा धीर येतो.

आता माझा सगळ्यात आवडता तास सांगते. जर्मनीतल्या रस्त्यांवर चालताना फरसबंदीत मधूनच पितळेचा छोटा चौकोन चमकतो. हा ‘श्टोल्परश्टाइन’, ठेच लागावी असा दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने 1990 च्या दशकात हे दगड बसवायला सुरुवात केली. आज युरोपभर एक लाखाहून अधिक आहेत. नाझींनी छळलेली, मारलेली माणसं शेवटी जिथे आपल्या मर्जीने राहत होती, त्या दारासमोर ते असतात. मजकूर थोडका. ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, आणि पुढे ‘डेपोर्टिर्ट 1942’, ‘एरमोर्डेट’. हद्दपार. खून. नवशिक्यालाही वाचता येईल इतकं सोपं जर्मन.

एकदा वर्गाला घेऊन मी अशा दगडापाशी गेले. सगळे खाली वाकले, एकाने रुमालाने पितळ पुसलं. वर्गात परतल्यावर आम्ही ते शब्द फळ्यावर लिहिले, कारण त्या दिवशीचा धडाच कर्मणी प्रयोगाचा होता. ‘तिला हद्दपार केलं गेलं.’ व्याकरण बरोबर. मी म्हटलं, आता हेच वाक्य कर्तरी करा.

वर्ग थांबला. कर्ता दगडावर नव्हताच.

"नाझींनी," एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "पण दार कोणी ठोठावलं? पोलिसांनी?" कोणी म्हणालं, "आगगाडी कोणी चालवली?" ती सरकारी रेल्वेने चालवली होती. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी त्या मघाच्या बाई उठल्या. मला काय वाटतं, ते त्यांनी विचारलं नाही. खडू घेऊन वाक्याच्या सुरुवातीला त्यांनी लिहिलं, ‘शेजारी’, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "इश फिंडे, दास..."