बंबाचा न्याय

नमस्कार. कार्यवाहांनी पत्रिकेत विषय छापलाय, ‘सणासुदीला घरात सलोखा कसा राखावा’. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, मी गिझरवर बोलेन. ते म्हणाले, बाई, गिझरला कोण येणार? तेव्हा सलोख्यासाठी आलेल्यांनी जरा धीर धरा, तो शेवटी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या गावात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून पुणेकर एक विषय वाचून येतो, दुसराच ऐकतो आणि तिसऱ्यावर शंका विचारतो.

वसुबारस पुढच्या आठवड्यात आहे. इथल्या निम्म्यांकडे पाहुणे यायचेत आणि उरलेले कुणाकडे तरी जायचेत, हे चेहऱ्यांवरून कळतंय. चेहरे पडलेले दोन्हीकडचे आहेत. माझं म्हणणं असं की सणाला घरातलं भांडण पेटतं ते गरम पाण्यावरून. वाटणीबिटणी मागाहून येते.

नरकचतुर्दशी घ्या. सूर्य उगवायच्या आत आंघोळ, नाहीतर नरक. ऑक्टोबरअखेर पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. आमच्याकडे त्या वर्षी अकरा माणसं होती, न्हाणीघरं दोन आणि गिझर एक, पंचवीस लिटरचा, दोन किलोवॅटचा. मी पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे आदल्या रात्री कॅलेंडरच्या पाठीमागे गणित मांडलं. टाकीतलं गार पाणी साठ अंशांवर जायला अर्धा तास लागतो. अंगावर घेण्याजोगी एक बादली करायला नऊ-दहा लिटर कढत पाणी. म्हणजे भरलेल्या गिझरमध्ये माणसं बसतात अडीच. अकरा जणांना दोन तासांच्या वर. पहिली आंघोळ सव्वाचारला! यादी केली, फ्रीजला चिकटवली. पहिले नागपूरचे थोरले दीर, मग नंदेचे यजमान, कारण जावयाचा मान. (आमच्या ह्यांचं नाव अकरावं होतं. त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही. नरकाची भीती त्यांना कधीच नव्हती.)

आता दीर माणूस म्हणून देव. पण त्यांनी बादली घेतलीच नाही, शॉवर सोडला. वर भीमसेन जोशी ऐकून आलेले, त्यामुळे विलंबित. बाहेर मी उटण्याची वाटी घेऊन उभी, हाताला तेल, मंडईतून आणलेली कारीटं दाराशी ओळीने मांडलेली. आत ख्याल काही द्रुतात जाईना. पंचवीस मिनिटं! मग जावई आत गेले. पहिला तांब्या अंगावर घेतल्यावर आतून जो आवाज आला, तो ऐकून खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, आम्ही पहिला फटाका लावला.

वन्सं बाहेर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “माहेरी आता गरम पाणीही मिळत नाही.”

मंडळी, हे वाक्य मी चौदा वर्षं जपून ठेवलंय. त्यातल्या ‘आता’वर बोट ठेवून मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “आता म्हणजे कधीपासून हो?” झालं! गिझरचा लाल दिवा विझायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात आम्ही १९९४पर्यंत मागे पोचलो होतो. वाडा कुणी विकला, सासूबाईंच्या पाटल्या कुणाकडे गेल्या, सगळं निघालं. कारीटं तशीच राहिली. शेवटी धाकट्या नातवाने ती सगळी एकट्याने फोडली. त्या पहाटे चिरडला गेलेला नरकासुर तेवढाच.

मग वन्संनी बंबाची आठवण काढली. त्याच्यासाठीच मी आज आले आहे.

नारायण पेठेतल्या वाड्यात तांब्याचा बंब होता. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाणी वाड्यात शिरलं. सासूबाई सांगायच्या, चार दिवसांनी तो चिखलातून उकरून काढला, तांबट आळीत नेऊन पोचे काढले आणि त्या दिवाळीला तोच पेटवला. मी १९७६ साली लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या पहाटे मला कुणी काही शिकवलं नाही. बंबानेच शिकवलं. त्याला वर नरसाळं असतं, त्याची नळी थेट तळापर्यंत जाते. गार पाणी नरसाळ्यात ओतलं की ते खाली बसतं आणि वरचं गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं. एक बादली हवी असेल तर एक बादली ओतायलाच लागते. ओतल्याशिवाय मिळतच नाही! आणि तुम्ही ओतलेलं पाणी तापून मिळतं कुणाला? मागच्याला. तुमच्या बादलीत येतं ते पुढच्याने ओतलेलं. वाड्यात चौदा माणसं, स्वभाव सांगायलाच नको, पण पाण्यावरून कधी शब्द झाला नाही. (सोवळ्यावरून झाला. तो वेगळा विषय, पुढच्या वर्षी बोलावलंत तर.)

गंमत अशी की गिझर आतून तसाच चालतो. खालून गार पाणी शिरतं, ते वरचं गरम पाणी ढकलतं. फक्त ओततं कोण? गच्चीवरची टाकी. आपला हात लागत नाही. दिरांना कळलंच नाही की ते जावयांच्या वाट्याचं पाणी घेतायत. कळलं असतं तर त्यांनी तराणा तरी लवकर घेतला असता.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे. चहा तयार.’ बरं, सलोखा.

भराभर सांगते. चकलीचा डबा ज्याच्या हाताने संपेल त्याने घरभर सांगायचं, रिकामा डबा झाकण लावून परत फळीवर ठेवायचा नाही. हा गुन्हा पुरुषच करतात, नातू धरून. एकेका कुटुंबाने एक जेवण घ्यायचं, म्हणजे भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. ‘सांग काय मदत करू’ ही मदत नव्हे, ते माझं अजून एक काम. गाद्या भाड्याने मिळतात, आणा, कुणाला सतरंजीवर झोपवून मोठेपणा नको. घराचे कागद तुळशीच्या लग्नाआधी काढायचे नाहीत. सहा मुद्दे होते, दोन सोडते.

पण भाऊबीज सोडता येणार नाही. बहीण माहेरी येते, आनंद आहे. पण ती येते त्याच दिवशी तिच्या वहिनीलाही भाऊ असतो ना? नणंद जेवायला बसली की वाढायला वहिनी, म्हणजे वहिनीचा भाऊ साताऱ्यात पाट मांडून बसलेला. नणंदेच्या सासरी तेच, तिची नणंद आलेली. सगळ्या बायका गरम पाणी घेतायत आणि प्रत्येकीच्या मागे एक गारठलेली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तोवर माझ्या माहेरी झालेल्या भाऊबिजा मोजून तीन, त्यातली एक बाळंतपणाची.

गिझरच्या त्या पहाटेनंतर चार दिवस वन्सं माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या दिवाळीला मात्र पाडव्याच्या रात्रीच आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “उद्या तू साताऱ्याला जा. इथलं मी बघते, दादाला मीच ओवाळणार आहे, मीच वाढेन.” मी सहाच्या एसटीने गेले. भावाकडे त्या दिवशी वीज गेली होती. गार पाण्याने आंघोळ केली आणि एक शब्द बोलले नाही.